ऐकलं म्हटल्याशिवाय पाणी नाही

बापू,

तुझ्यावरची फिल्म पाहिली. तू जिवंत असतास तर तिथेच, हॉलमध्ये उभी राहून तुझ्याशी भांडले असते. पण तू मेलास आणि माझी अडचण करून ठेवलीस. मेलेल्या भावावर ओरडणारी म्हातारी लोकांना वेडी वाटते. म्हणून निमूट घरी आले, झोपले, सकाळी अंघोळ-चहा उरकला आणि आता टेबलाशी बसून लिहिते आहे. राग अजून तसाच आहे.

ईशान, ईरा, हे तुम्हीही वाचायचं आहे. लिहिलं मामाआजोबांना आहे, पण त्यांना आता वाचता येणार नाही, तेव्हा ते काम तुमचं. अडलेले शब्द आईला विचारा.

बापू, नगरभवन भरलं होतं. पहिल्या रांगेत कोण बसलं होतं ते ऐक. ज्यांनी चौकात तुझ्या 'खुलासा'च्या अंकांची होळी केली, तेच. ज्या वकिलाने तुझ्या मासिकाला 'घाण' म्हणून शाळेच्या सभेत बंदीसाठी हात वर केला होता, त्याने काल तुझ्या फोटोला हार घातला आणि म्हणाला, "बापूसाहेब काळाच्या पुढे होते." काळ तेव्हा त्याच्याच घरात बसला होता, हे त्याला आठवलं नाही. तू असतास तर मिशीत हसून म्हणाला असतास, "ताई, जाऊ दे वो. जित्या मानसाले दगड, मेल्यावर हार. रीतच हाय ते." मी जाऊ दिलंही असतं. माझा राग त्यांच्यावर नाही.

फिल्म सुरू झाली ती तुझ्या छापखान्यापासून. घाटंजीच्या बाजाराजवळची ती पत्र्याची खोली, ते पायाने चालवायचं मशीन, तुझा तो नवं जाकीट घातलेला अवतार. चांगलं चित्रित केलं आहे, खोटं कशाला बोलू. बाजाराच्या दिवशी बांगडीवाल्याच्या शेजारी निंबाखाली गोणपाट अंथरून तू अंक विकायचास. पुरुष इकडेतिकडे पाहून अंक घ्यायचे आणि वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे. घरी गेल्यावर तो अंक बायका वाचायच्या, आणि जिला वाचता येत नसे तिला शेजारीण वाचून दाखवायची. अंगावरून पांढरं का जातं, पाळी चुकली म्हणजे नेहमी दिवसच गेले असं नसतं, मूल नको असेल तर काय करता येतं, नवऱ्याने मारलं तर कुठे जायचं. या जिल्ह्यात हे बाईला तिच्या भाषेत आधी कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांच्या इंग्रजी पुस्तिका तू माझ्याकडे आणून टाकायचास, मी कॉलेजात इंग्रजी शिकवून घरी आल्यावर त्यांचं मराठी करायची आणि तू माझी मराठी फेकून द्यायचास.

"हे कोनाले समजते ताई? 'गर्भाशय' लिहून राह्यली. पिशवी लिह्य, पिशवी!"

मी चिडायची आणि 'पिशवी' लिहायची. तू बरोबर होतास. फिल्ममध्ये एक बाई सांगते की तुझ्या अंकामुळे तिची बहीण वाचली, तेव्हा हॉलमध्ये मीही डोळे पुसले. हे सगळं खरं आहे. यासाठी मी तुझी ऋणी आहे, आणि मी ऋणी असलेली माणसं फार नाहीत.

पण मग ते कव्हर आलं.

मुलांनो, तुम्ही महिन्यापूर्वी मला जे पोस्टर पाठवलंत तेच ते; फोनच्या एवढ्याशा काचेवर मला ते नुसतं चित्र वाटलं होतं. ईशान, तू खाली लिहिलं होतंस, "आजी, किती पॉवरफुल!" ईरा, तू ते फोनच्या स्क्रीनवर लावलंस. तुमचा दोष नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आता सांगते. ते चित्र नाही, फोटो आहे. त्या फोटोतली बाई जिवंत आहे, ती इथून बसने तासाभरावर राहते आणि तिला तुमच्याएवढी नातवंडं आहेत. मी तिला इथे सखू म्हणेन. तिचं खरं नाव लिहिलं तर मीही तेच केल्यासारखं होईल.

कापूस वेचताना सखू बांधावरच्या पळसाखाली लेकराला पाजत बसली होती. एवढंच. रस्त्यावरून जाणाऱ्या स्टुडिओवाल्याने तो फोटो काढला आणि तुला आणून दाखवला, आणि 'आईचं दूध' या अंकावर तू तो छापलास. तिला विचारलं नाहीस. मला दाखवला असतास तर मी फाडला असता, म्हणून मलाही दाखवला नाहीस.

अंक बाजारात दुपारच्या आत संपला. आतलं कुणी वाचलं देव जाणे. कव्हर तेवढं फाडून पानठेल्यावर लागलं, कापसाच्या जिनिंग कारखान्यात लागलं, ट्रकच्या काचेवर लागलं. सखूचा नवरा जिनिंगमध्ये हमाल होता. तिथे त्याला काय काय ऐकावं लागलं ते मी लिहीत नाही. त्याने घरी येऊन तिला मारलं आणि लेकरासकट माहेरी नेऊन घातलं. आईच्या दुधावरचा अंक, बापू! आत माझं भाषांतर होतं, 'बाळाला पाजण्यात लाज कसली', आणि बाहेर तू तिची लाज विकत होतास.

आपण त्या दिवशी छापखान्यात भांडलो ते सगळ्या गल्लीने ऐकलं. तू म्हणालास, "ताई, कव्हर म्हंजे दाराची कडी हाय. कडी वाजली नाही तं दार कोन उघडते?"

मी म्हणाले, "कडी वाजवायला दुसऱ्याच्या घरच्या बाईचा पदर कशाला ओढतोस?"

तू दुरुस्तीच्या मजकुराचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला बसलास, आणि मला कळलं की आता तू दारात जाणार.

हे दारात जाणं फिल्ममध्ये नाही. शोधलं मी, अगदी डोळ्यांत तेल घालून. कुठेच नाही. आणि माझ्या मते तू केलेलं सगळ्यात मोठं काम तेच होतं. म्हणून मुलांसाठी लिहून ठेवते. 'खुलासा'त कुणाबद्दल काही चुकीचं छापलं गेलं, तर दुरुस्ती आधी त्या माणसाच्या दारात आणि मग अंकात. संपादकाने स्वतः जायचं. चपला काढून, उंबऱ्याबाहेर उभं राहून, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने चूक वाचून दाखवायची. समोरच्या माणसाने 'ऐकलं' म्हटलं की संपलं. 'ऐकलं' म्हणजे माफ केलं असं नाही, फक्त ऐकलं. पण तो शब्द येईपर्यंत त्या घरचं पाणी प्यायचं नाही, आणि दुरुस्ती छापायचीही नाही.

रशीद मिस्त्रीची गोष्ट आठवते? त्याच्या गॅरेजबद्दल तू काहीतरी उलटसुलट छापलं होतंस. तू वाचायला उभा राहिलास, वाचून संपवलंस, आणि रशीदभाई पाना हातात घेऊन शांतपणे म्हणाले, "फिर से पढो बापूभाऊ. पंक्चरवाला आत्ताच आला, त्यानं आधीचं नाही ऐकलं." तू पुन्हा वाचलंस. मग ते म्हणाले, "आता जरा ठैरो, बस येऊन राह्यली." अख्खी बस उतरेपर्यंत तुला भर उन्हात उभं ठेवलं आणि मग 'ऐकलं' म्हणाले, आणि वर लिंबाचं सरबत पाजलं. त्या माणसाने नंतर मरेपर्यंत तुझा अंक एकदाही चुकवला नाही. तुझा दरारा शिव्यांमुळे नव्हता रे. हा माणूस चुकला तर आपल्या दारात येतो, हे लोकांना माहीत होतं, म्हणून तुझं बाकीचं लिखाण ते खरं मानत.

सखूच्या माहेरी मी तुझ्याबरोबर आले होते. तिचा बाप काठी घेऊन बसला होता, नवऱ्यालाही तू बोलावून घेतलं होतंस. तू वाचलंस. ते शब्द मला पाठ आहेत, कारण त्यात मी एकही शब्द बदलला नव्हता. "आम्ही एका बाईचा फोटो तिला न विचारता छापला. ती आपल्या लेकराला पाजत होती. यात तिची काही चूक नाही. चूक आमची आहे. हा फोटो आमच्या हातून पुन्हा कोणाला दिसणार नाही."

सखू दाराच्या आत उभी होती, कडेवर लेकरू. म्हणाली, "पुन्ना वाच. त्याच्याकडं पाहून वाच." आणि नवऱ्याकडे बोट दाखवलं.

तू नवऱ्याकडे पाहून वाचलंस. तो मान खाली घालून उभा राहिला.

"ज्याच्यानं छापलं तो साचा कुठी हाय?" तिने विचारलं.

"छापखान्यात."

"आन."

तू सायकल काढलीस. घाटंजीला जाऊन तो लाकडावर ठोकलेला जस्ताचा ठोकळा घेऊन आलास, तोवर कुणी जागचं हललं नाही. तिने तो हातात घेऊन उन्हात धरला. उलटा, काळा, शाईने माखलेला. "मी अशी दिसतो का वो ताई?" मला विचारलं. तिने तो आत नेला. माठाची तिवई एका पायाने डुगडुगत होती, त्या पायाखाली ठोकळा पालथा सरकवला. माठ स्थिर झाला. मग ती दारात आली.

"ऐकलं," म्हणाली. "आता पानी पे."

तिच्या त्या माठातलं पाणी तू गटागट प्यालास. नवरा तिला त्याच दिवशी घरी घेऊन गेला आणि जाताना तिने ती तिवई, तो ठोकळा, सगळं बैलगाडीत घालून नेलं. येताना तू सायकल हातात धरून चालत होतास. म्हणालास, "ताई, ह्या बाईनं मले संपादक केलं."

हे वाक्य मी त्या फिल्मवाल्या पोराला सांगितलं होतं. निनाद त्याचं नाव. माझ्याच घरी दुपारभर कॅमेरा लावून बसला होता, दोनदा चहा झाला, पोहे झाले. मी सगळं क्रमाने सांगितलं. फिल्ममध्ये माझं काय ठेवलंय? "लहानपणी तो फार हट्टी होता, कच्च्या चिंचा खायचा." बस! शंभर मार्कांच्या पेपरात मुलाने नुसतं नाव लिहावं तसं. दारात जाणं गेलं, सायकल गेली, ठोकळा गेला. आणि ते कव्हर मात्र भिंतीएवढं झालं. पडद्यावर ते आलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, बापू. मी खुर्चीचा हात धरून बसले.

आणि मग तू आलास. खाटेवर बसलेला, उशीला टेकलेला. तू स्वतःच्या हाताने पेटीतून तो अंक काढलास, कॅमेऱ्यासमोर धरलास आणि हसलास. "हे माह्यं सगळ्यात गाजलेलं कव्हर. ह्यानं 'खुलासा' घराघरात पोचवला."

मला वाटलं होतं कुणी जुना अंक रद्दीतून मिळवला असेल. तू दिलास. तू!

म्हातारपणी विसर पडला असेल, असं म्हणायची सोय आहे. सगळे तेच म्हणतील. पण शेवटच्या महिन्यातही तुला तुझ्या प्रत्येक खिळे जुळवणाऱ्याचं नाव, त्याच्या बायकोचं माहेर आणि कुणी कुठली ओळ उलटी लावली होती ते आठवत होतं. मी मोसंबी सोलत बसले होते तेव्हा तू म्हणालास, "ताई, फिल्म पाह्यशीन तं चिडू नको." मला वाटलं चिंचांचं बोलतो आहेस. म्हटलं, "मी कशाला चिडू?" आणि फोड तुझ्या तोंडात घातली. तुला ठाऊक होतं. सांगायला तोंड उघडलं होतंस आणि मी त्यात मोसंबी घातली.

फिल्ममध्ये निनाद तुला विचारतो, "ही बाई कोण होती?" तू खाली पाहतोस. "आता काय मालूम बावा," म्हणतोस. हे धडधडीत खोटं. दर बाजाराला ती तुझ्यासमोरून जायची आणि तू गोणपाटावरून उठून उभा राहायचास, मी पाहिलंय. मग ते 'काय मालूम' कुणासाठी होतं? तिचं नाव लपवायला, की तुझं वचन लपवायला? हेच मला तुला विचारायचं होतं. तिच्यासाठी असेल तर तू माझा भाऊ आहेस. स्वतःसाठी असेल तर त्या पहिल्या रांगेत तुझीही एक खुर्ची होती. दोन्हीसाठी असेल, माणसाचं असतंही तसं, पण तेही तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. मरणाच्या दारात कुणी कॅमेरा लावला आणि 'तुम्ही थोर' म्हटलं की सगळ्यांनाच वाकडं सुचत असेल. पण तू दारांचा माणूस होतास. तुला कळायला हवं होतं.

आज सकाळीच सखूचा निरोप आला. तिची नात यवतमाळला नर्सिंग शिकते. तिच्या फोनवर ते पोस्टर आलं, आणि सुटीत घरी गेल्यावर तिने आजीसमोर धरलं. "आजी, पाह्य ना, हे बाई तुह्यासारखी दिसते." नातवंडांना यातलं काही माहीत नव्हतं. एवढी वर्षं ते तिवईच्या पायाखाली पालथं होतं.

सकाळी नऊ वाजून गेल्यावर, म्हणजे सभ्य वेळी, मी निनादला फोन केला.

"आजी! कशी वाटली?"

"ते कव्हर काढ. फिल्ममधून, पोस्टरवरून, सगळीकडून."

"आजी, तो फोटो म्हणजे फिल्मचा आत्मा आहे. आणि तो आता आर्ट आहे."

"ती बाई आहे. तिला विचारलंस?"

"बापूंनी स्वतः दिला ना."

"बापूला द्यायचा अधिकार नव्हता. तो त्याने तिच्या दारात सोडला होता. मी तुला सांगितलं होतं, तू ते कापलंस."

"अहो, माफी मागणारा हीरो दाखवला की फिल्मची गती जाते. लोकांना वाघ हवा असतो."

"तुझ्या आईचा फोटो असता तर?"

तो म्हणाला, "आजी, हे फार इमोशनल होतंय." मी त्याला दारातल्या वाचनाचं पुन्हा सगळं सांगितलं. तो एकदम उत्साहाने म्हणाला, "ग्रेट! येतो मी. कॅमेरा घेऊन येऊ? एंडिंग जबरदस्त होईल."

मी फोन ठेवला.

म्हणून बापू, तुझ्या जागी मी जाते. हे एवढं लिहिलेलं घेऊन.

*

इथपर्यंत लिहिलं आणि काल घाटंजीला जाऊन आले. पुढचं परत आल्यावर लिहिते आहे.

चैत्राचं ऊन, तुला सांगायला नको. सखूचं घर आता सिमेंटचं आहे, कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती, अंगणात नातवाची मोटारसायकल. मी चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिले. ती आतून पाहत होती. तिला लगेच कळलं.

"वाचाले आली का वो ताई?"

"हो."

"मंग वाच. जोऱ्यानं वाच, मले आता कमी आयकू येते."

मी वाचलं. अगदी पहिल्या ओळीपासून, तुझ्या कौतुकासकट आणि तुझ्या खोटेपणासकट. शेजारच्या दोघी-तिघी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. तिची नात दाराला टेकून ऐकत होती. सायकलचा भाग आला तेव्हा सखू हसली. "लई घामाघूम झालता बावा." तू अंक कॅमेऱ्यासमोर धरलास तो भाग आला तेव्हा तिचं हसणं थांबलं.

वाचून झालं. मी थांबले. ती म्हणाली, "त्यानं सोताच देल्ला?"

"हो."

"मरता मरता काहून केलं त्यानं असं?"

"मला माहीत नाही, सखू. मलाही विचारायचं राहिलं."

ती उठली, गुडघ्यावर हात देत आत गेली. मला वाटलं ठोकळा काढून आणते. पण तिने माठातून तांब्या भरून आणला आणि उंबऱ्यावर ठेवला. आतली तिवई मला दिसत होती. एक पाय अजून त्या ठोकळ्यावर.

"पानी पे."

"आधी 'ऐकलं' म्हण."

"नाई म्हनत." सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली. "तुह्यावर राग नाई माह्या. पन तुह्यं ऐकून म्या काय करू? तू छापलं नाई, तू दाखवलं नाई. ज्यानं छापलं तो मेला, त्याचं त्या टायमाले ऐकलं होतं, ते त्यानं वाया घालवलं. आता ज्यानं दाखवलं त्यानं यावं. आधी पुसून टाकावं सगळीकून, मंग यावं. आन त्याची ते मशीन घरी ठेवून यावं."

"मग मी पाणी पीत नाही."

"उन्हाची मरशीन वो म्हातारे!"

"तो बापूचा नियम आहे."

"त्यानं कुठी पाळला?"

"म्हणूनच मी पाळते."

ती मोठ्याने हसली, पोटभर, आणि नातीला म्हणाली, "पाह्य, हे बी भावासारखीच. आडमुठी." मग तांब्या उचलून तिने ते पाणी दारातल्या जास्वंदीला घातलं. वाया नाही घालवलं.

बापू, स्टँडवर येऊन मी पाण्याची बाटली घेतली आणि अर्धी तिथेच संपवली. नियम त्या घरच्या पाण्यापुरता आहे, आणि मी नियम नीट वाचणारी बाई आहे. बसमध्ये खिडकीशी बसून मी रडले. तुझ्यासाठी रडले, हे कबूल करते. पण पदर डोळ्यांना लावतानाही मनातल्या मनात तुझ्याशी भांडतच होते.

ईशान, ईरा, ते पोस्टर आज पुसा. ज्यांना ज्यांना पाठवलंत त्यांना सांगा, आणि का ते सांगा. ही फिल्म पुढच्या महिन्यात तुमच्या शहरात महोत्सवात येते आहे, असं निनादनेच अभिमानाने सांगितलं होतं. तुम्ही जा. आत बसू नका. बाहेर दारात उभे राहा. तो बाहेर आला की त्याला नमस्कार करा, माझी नातवंडं म्हणून ओळख द्या आणि त्याला घाटंजीचा रस्ता सांगा. यवतमाळहून बस मिळते. स्टँडवर उतरायचं, बाजार ओलांडायचा, जास्वंदीचं घर कुणीही दाखवेल. चपला बाहेर काढायच्या.

आणि त्याला सांगा, येताना पाणी पिऊन ये. त्या घरी लगेच मिळेलच असं नाही.